ट्यूबलाइटखाली अंधार

आमच्या ऑफिसात भिंतीला लागून एक लांब टेबल होतं आणि त्यावर चौदा मोबाइल कायम चार्जिंगला लावलेले असायचे. एकही नवा नव्हता. एकाची काच कोपऱ्यात तडकलेली, एकाचं आवाजाचं बटण आत गेलेलं, एकाच्या पडद्यावर डावीकडे हिरवट पट्टा. काही घरच्यांनी टाकून दिलेले, काही तपकीर गल्लीतून जुने घेतलेले. लोकांच्या खिशात जे असतं तेच टेबलावर हवं म्हणून ते मुद्दाम तसे जमवले होते. त्या टेबलाला आम्ही बाजार म्हणायचो. खेळाचं नवं बिल्ड आलं की ते चौदांवर चढवायचं आणि एकेक मोबाइल उचलून पहिली लेव्हल खेळून बघायची, अशी माझी सकाळ सुरू व्हायची.

‘मळी’ या आमच्या खेळाचं पहिलं खेळता येण्याजोगं बिल्ड आलं त्या दिवशी माझ्या वहीत एकच ओळ चौदा वेळा आहे : काही दिसत नाही.

संध्याकाळी पीएमटीत खिडकीशी जागा मिळाली तेव्हा पुन्हा उघडून पाहिलं. ऊन कलतं होतं, पण पुण्याचं मेमधलं ऊन. पडद्यावर साखर कारखाना नव्हता, धुराडं नव्हतं, खेळातली आमची पोरगी तर नव्हतीच. माझा चेहरा होता, आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघणारा मागच्या बाकावरचा माणूस होता. “बंद पडलाय का?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

मी लेव्हल डिझायनर आहे. घर बांधताना जिन्याची पायरी किती उंच आणि किती रुंद हे कुणीतरी ठरवतं ना, तसलं काम. फरक इतकाच, की माझ्या जिन्यावरून लोकांनी अधूनमधून पडावं अशी अपेक्षा असते. त्याआधी तीन वर्षं मी एका कंपनीत टेस्टर होते. दिवसभर रंगीत फळं जुळवायची आणि कुठे खेळ अडकतो ते लिहायचं. कुडाळहून आई फोनवर विचारायची, “आज काय काम केलंस?” मी म्हणायचे, “खेळले.” तिला कितीतरी दिवस वाटत होतं की माझी नोकरी सुटली आहे आणि मी सांगत नाही.

मग आम्ही पाच जणांनी मिळून कर्वेनगरात पिठाच्या गिरणीच्या वरची खोली भाड्याने घेतली. बंद पडलेल्या साखर कारखान्यात आपली शेळी शोधायला शिरलेली एक मुलगी, एवढीच गोष्ट. शब्द नाहीत, गुण नाहीत, नकाशा नाही. डावीकडून उजवीकडे चालायचं, उड्या मारायच्या, ढकलायचं, ओढायचं, डोकं चालवायचं आणि मरायचं. सगळं काळं.

ही कल्पना आमची होती असं म्हणायला जीभ धजत नाही. आम्हा पाचांनाही ‘लिम्बो’ चावला होता.

‘लिम्बो’ २०१० च्या जुलैत आला तो आधी एक्सबॉक्सवर, त्यामुळे आमच्यासारख्यांना तो वर्षभराने, संगणकावर आला तेव्हाच मिळाला. मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या खोलीत, तिच्या लॅपटॉपवर. कोपनहेगनच्या प्लेडेड नावाच्या छोट्या स्टुडिओने केलेला. मूळ चित्रं आणि कल्पना अर्न्ट येन्सन या चित्रकाराची. एक मुलगा जंगलात डोळे उघडतो. ते दोन पांढरे ठिपके सोडले तर तो पूर्ण काळा. आपण त्याला चालवू लागतो. कुणी काही सांगत नाही. गवतात अस्वल पकडायचा सापळा असतो, तोही काळा, गवतही काळं. पाचेक मिनिटांत त्या पोराचं मुंडकं उडतं आणि आपण खोलीत ओरडतो. मग पोरगा पुन्हा थोडा अलीकडे उभा असतो, जणू काही झालंच नाही. पुढे तो कोळी. मला आजही घरात साधा कोळी दिसला की आधी त्याचे पाय मोजावेसे वाटतात.

पण सांगायचं तर माझी ओढ त्याहून जुनी. १९९७-९८ मध्ये कुडाळला कॉम्प्युटरचा क्लास होता, चार मशिनं. अर्धा तास टायपिंग केलं की शेवटची दहा मिनिटं ‘प्रिन्स’ खेळायला मिळायचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ असं पूर्ण नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तळघर, मशाली, जमिनीतून वर येणारे खिळे. तलवारबाजीपेक्षा मला त्याची पावलं आवडायची. काठाशी आला की तो जरा अडखळायचा, खरा माणूस अडखळतो तसा. जॉर्डन मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं होतं, हे मला फार नंतर कळलं. आणि त्यातली ती सावली! आरशातून उडी मारल्यावर आपल्यातूनच जो दुसरा बाहेर पडतो तो. १९८९ च्या त्या ॲपल टू मशीनवर नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून मेक्नरने राजपुत्राचीच चित्रं एका ठिपक्याने सरकवून स्वतःवरच उलटवली आणि त्या सरमिसळीतून ती लुकलुकणारी आकृती मिळाली. मेमरी पुरत नव्हती म्हणून सावली जन्मली. पैसे पुरत नाहीत म्हणून काळा खेळ करणाऱ्या आम्हा पाचांना ही गोष्ट फार धीर द्यायची.

कारण आमचा हिशेब अगदी सरळ होता. रंग नको, चेहरे नको, कपड्यांच्या चुण्या नकोत. चित्रकार एकच, तोही अर्धवेळ. काळं केलं की झालं.

त्या ‘काही दिसत नाही’च्या दुसऱ्या दिवशी मी ‘लिम्बो’चं एक दृश्य टिपून चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि ठिकठिकाणी काळा किती काळा आहे ते मोजत बसले. तासाभराने खुर्चीत मागे रेलले. ‘लिम्बो’ अंधारा नाहीच. चौकटीचा बराचसा भाग उजेडच आहे, करडा, धुकट, मधोमध जास्त आणि कडांकडे विझत जाणारा. काळं आहे ते फक्त पुढचं, ज्यावरून पोरगा चालतो ते. आपण लक्षात ठेवतो तो काळोख, आणि बघत असतो उजेड.

आम्ही नेमकं उलट केलं होतं. मागेही काळं, पुढेही काळं, आणि दिसेना म्हणून पोरीवर थोडा प्रकाश टाकलेला. ती बिचारी टॉर्च मारलेल्या बेडकासारखी दिसत होती.

यावरचा उपाय मला माझ्या गावाशेजारी सापडला. कुडाळला लागून पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे; त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मी शाळेत असताना ते सगळं ‘आपल्याकडचं’ म्हणून कधी धड पाहिलं नव्हतं. ‘मळी’चं काम चालू होतं त्या वर्षी गणपतीला गावी गेले तेव्हा मुद्दाम पाहायला गेले. पांढरं कापड, मागे दिवा, मध्ये बाहुली. मी गोष्टीकडे बघतच नव्हते, हातांकडे बघत होते. बाहुली कापडाला टेकली की तिची कड सुरीसारखी धारदार. दिव्याकडे जरा मागे घेतली की ती मोठी होते आणि कड विरघळते. म्हणजे कोण महत्त्वाचं आणि कोण फक्त आहे, हे कापडापासूनच्या अंतरावर ठरत होतं. बाहुली दिसावी म्हणून कुणी बाहुलीवर उजेड टाकत नव्हतं. कापड उजळ होतं.

परत आल्यावर आम्ही कारखान्याच्या मागे धुकं आणलं. सकाळचं, उसाच्या फडावरचं. पोरीच्या वाटेवरचं सगळं कापडाला टेकवलं, बाकी मागे घेतलं. आणि पोरीच्या वेण्यांना रिबिनी बांधल्या, शाळेतल्या असतात तशा लाल. प्लेडेडच्याच पुढच्या ‘इनसाइड’मध्ये, २०१६ मध्ये, पोराला लाल शर्ट आहे, मालमोच्या टार्सियरच्या ‘लिटल नाइटमेअर्स’मधली पोर पिवळा रेनकोट घालून फिरते. सगळ्यांनाच ही अडचण येते, आणि प्रत्येक जण आपापल्या कपाटातून कपडा काढतो. हिरव्या पट्ट्याच्या मोबाइलवर आमची रिबीन तपकिरी दिसायची. त्या मोबाइलपुढे आम्ही हरलो.

मग पट्टे आले. खेळ करणाऱ्यांना ही जुनीच डोकेदुखी, पण मला नवी होती. साध्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आमचं धुकं त्यातल्या खालच्या पंचवीस-तीस पायऱ्यांतच सगळं उरकत होतं, आणि तेवढ्या पायऱ्या सबंध पडद्यावर ताणल्या की एकेक पायरी डोळ्याला दिसते. धुक्याऐवजी डोंगरउतारावरची भातखाचरं. महागड्या मॉनिटरवर कमी, बाजारातल्या मोबाइलवर ठळक. ‘इनसाइड’च्या मंडळींनी याच पट्ट्यांशी कसा लढा दिला हे जाहीर व्याख्यानात तपशिलाने सांगितलं आहे : प्रत्येक ठिपक्यात किंचित गोंधळ मिसळायचा, म्हणजे कड कुठे पडली ते डोळ्याला सापडत नाही. आमचा प्रोग्रॅमर हे ऐकून खिडकीपाशी गेला. खालून गिरणीचं पीठ उन्हाच्या तिरिपेत तरंगत वर येत होतं, रोजच येत असे, आमच्या कीबोर्डांवर त्याचा थर असे. “असं भुरभुरायचं ना?” तो म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या कोडमध्ये त्या भागाचं नाव ‘पीठ’ होतं. पीठ जास्त झालं की पडदा मुंग्या आल्यासारखा दिसायचा, कमी झालं की खाचरं परत. पंधरा दिवस आम्ही कणीक मळावी तसे पीठ कमीजास्त करत होतो.

एवढं होऊनही खेळ खऱ्या अर्थाने पाहिला तो एका गुरुवारी. पुण्यात गुरुवार हा लाइट जाण्याचा वार. गिरणी बंद, पंखे बंद, आणि आमची आतली खोली बिनखिडकीची, तिथे ट्यूबलाइट गेली की दुपारीही मिट्ट. लॅपटॉप बॅटरीवर. आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो आणि कुणी काही बोललं नाही. धुक्यातून धुराडं वर आलं, पोरीने मागे वळून पाहिलं. मला वाटतं, डिसेंबरात ज्यांचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो त्या कोपनहेगनच्या लोकांना असले खेळ सुचणं सोपं आहे. तिथे काळोख घरचाच. आपल्याकडे एका खोलीत चार माणसं, डोक्यावर ट्यूब, शेजारी टीव्ही, आणि मोबाइलची चमक बॅटरी वाचावी म्हणून निम्म्यावर. आमचा खेळ गुरुवारी चांगला होता. बाकीचे सहा दिवस त्याला उजेडाशी भांडायचं होतं.

काळ्या आकृतीचा आणखी एक ताप असतो, तो आधी कुणी सांगत नाही. वस्तू बाजूने बघून ओळखू आली पाहिजे. चित्रकाराने पहिली बैलगाडी काढली ती लोकांना तोफ वाटली. उसाची मोळी म्हणजे झाडू. मळीची टाकी ही नुसती टाकी, त्यात मळी आहे हे कसं कळणार? शेवटी काठावरून एक जाड थेंब ओघळत ठेवला, पाण्यापेक्षा फार सावकाश पडणारा. साखर कारखान्याजवळ राहिलेल्यांना तो एका नजरेत कळायचा, त्यांच्या नाकाला वाससुद्धा यायचा. पुण्यातल्या पोरांना ते डांबर वाटायचं. दोन्ही चालणार होतं. त्यात पडायचं नाही एवढं कळलं की पुरे.

त्या काळात माझी दोन वाक्यांवरून प्रत्येकाशी भांडणं झाली. ‘दिसलं नाही’ आणि ‘कळलं नाही’. टेस्ट करणारा मेला आणि म्हणाला, “अरे, कळलंच नाही मला,” तर मी खूश. त्याने पाहिलं होतं, फक्त अर्थ चुकीचा लावला होता, पुढच्या वेळी लावेल. तो म्हणाला, “दिसलंच नाही,” तर चूक माझी. ‘लिम्बो’त आपण शेकडो वेळा मरतो आणि तरी खेळ ठेवून देत नाही, कारण मेल्यावर परत बघितलं तर सापळा तिथे होता. आपल्या डोळ्यांदेखत होता. आमच्या पहिल्या बिल्डात तो नव्हताच, म्हणजे कोडमध्ये होता, पडद्यावर नव्हता. असल्या खेळाला लोक क्रूर म्हणतात. क्रूर तो नव्हता, आम्ही होतो.

उडीचंही तसंच. खेळणाऱ्याला वाटतं आपण काठावरूनच उडी मारली. प्रत्यक्षात बोट दाबेपर्यंत पाऊल काठाच्या पुढे गेलेलं असतं. म्हणून काठ सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची असते. कार्टूनमधला तो कोयोटी कड्यापुढे हवेत धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्याच्यावरून या सवलतीला कोयोटी टाइम म्हणतात. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये ती सेकंदाचा दहावा भाग आहे, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर सहा. आम्ही तिला ‘उधारी’ म्हणायचो. अंधारात काठ नीट जोखता येत नाही म्हणून मी उधारी नऊ फ्रेमची केली. प्रोग्रॅमर म्हणाला, ही पोरगी हवेत चालते. मी म्हटलं, कुणाला दिसतंय? आणि खरंच, सबंध वर्षात एकालाही दिसलं नाही. सगळ्यांना फक्त आपण चांगलं खेळतोय असं वाटायचं.

ऑफिसची साफसफाई करायला मावशी यायच्या. त्यांना एकदा खेळायला बसवावं असं आमच्यातल्या आवाजवाल्या पोराने सुचवलं; म्हणाला, खेळांची सवय नसलेलं माणूस हवं. मावशींनी पदराला हात पुसले, मोबाइल घेतला आणि म्हणाल्या, “कँडी क्रशमध्ये माझी अकराशेच्या वरची लेव्हल चालू आहे. तुमची कितवी?” आम्हा पाचांत कुणी चारशेच्या पुढे गेलेलं नव्हतं.

पहिल्या लेव्हलला त्या एकवीस वेळा मेल्या. मी मोजत होते. तोंडाने काही बोलत नव्हत्या, प्रत्येक वेळी फक्त जिभेने च्च करायच्या. गाळपाच्या रोलरपाशी मात्र त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. तिथे पोरगी सापडली की दोन रोलरमध्ये ओढली जायची. चित्रकाराने त्यावर चार दिवस घालवले होते, बारा चित्रं होती, फार चांगली जमली होती. “हे कशाला दाखवता?” मावशी म्हणाल्या. मी त्यांना समजावू लागले, की चुकीची किंमत कळली पाहिजे, भीती राहिली पाहिजे वगैरे. “भीती रोलरची वाटतेय की. आवाज येतोय ना त्याचा. पोरीचं कशाला दाखवायचं?”

मला राग आला होता, खरं सांगते. ‘लिम्बो’तसुद्धा रक्तपात न दाखवण्याची सोय आहे, ती लावली की मरताना पडदा काळा होतो, आम्हा सगळ्यांना ती भित्र्यांची सोय वाटायची. दोन दिवसांनी मी चित्रकाराला न विचारता बारापैकी शेवटची नऊ चित्रं काढून टाकली. पोरगी रोलरकडे ओढली जाते, पडदा काळा होतो, रोलरचा आवाज चालू राहतो, एका जागी किंचित अडखळतो आणि पुन्हा सुरळीत होतो. बस. पुढच्या टेस्टला दोन कॉलेजच्या पोरांनी त्या ठिकाणी कानातून हेडफोन उपटून काढले. चित्रकार माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं.

तो अडखळणारा आवाज खालच्या गिरणीचा. आवाजवाल्या पोराने तो नुसता माइक धरून घेतला नव्हता. गिरणी चालू असताना फरशीला मायक्रोफोन चिकटवून, इमारतीच्या अंगातून घेतला होता. ‘लिम्बो’ आणि ‘इनसाइड’चा आवाज करणारा मार्टिन स्टिग अँडरसन हा त्याचा देव. ‘इनसाइड’साठी त्या माणसाने खरी मानवी कवटी मिळवली, तिच्यातून आवाज सोडले आणि हाडातून गाळून आलेले ते आवाज खेळात वापरले. आपलाच आवाज आपल्याला आतून ऐकू येतो तसं काहीसं व्हावं म्हणून. आमच्या पोराला कवटी कुठून मिळणार? त्याने आधी कान फरशीला लावला, मग नारळाच्या करवंट्या आणल्या, मग तांब्याचा हंडा. हंड्यातून गाळलेली गिरणी ऐकली तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. तो कारखाना होता. गिरणीवाल्या काकांना ऐकवलं तर ते म्हणाले, “पट्टा सैल झालाय तुमच्या मशीनचा.” पट्टा त्यांच्याच मशीनचा सैल होता, दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आवळला आणि आमचा आवाज कायमचा गेला. नशिबाने रेकॉर्डिंग झालं होतं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात अभिमान आहे तो वजनकाट्याच्या कोड्याचा. कारखान्याच्या फाटकाशी काटा असतो. ट्रॅक्टर, गाड्या त्यावरून जातात. आमच्या खेळात काट्यावर ठरावीक वजन भरलं की फाटक उघडतं. आजूबाजूला मोळ्या पडलेल्या आहेत, प्रत्येक मोळीमागे एक दिवा लागतो. सहा दिवे लागले पाहिजेत, मोळ्या सहा. खेळणारा सहा मोळ्या आणून ठेवतो. पाचच दिवे लागतात. तो परत मोजतो, काढून ठेवतो, पुन्हा रचतो. पाचच. उत्तर असं, की पोरीने स्वतः काट्यावर उभं राहायचं आणि बाहेर लोंबणारी साखळी तिथूनच ओढायची. शहरातली मुलं यावर पाऊण पाऊण तास घालवायची. साताऱ्याकडचा एक मुलगा टेस्टला आला होता, त्याने दहा सेकंदांत सोडवलं. वर म्हणाला, “काटा मारतात हे सगळ्यांना माहीत आहे.”

पैसे संपत आले तेव्हा आम्ही एका प्रकाशक कंपनीकडे गेलो. माणसं वाईट नव्हती, चहाही चांगला होता. त्यांनी खेळ त्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये, सहा दिव्यांखाली, मोठ्या पडद्यावर लावला. तीन गोष्टी मागितल्या. उजेड वाढवा. कुठे जायचं ते बाण दाखवा. आणि पोरगी मेली की एक जाहिरात. “इतक्या वेळा मरतात म्हणताय, मग हे तर सोनं आहे,” असं त्यांच्यातला एक अगदी मनापासून म्हणाला.

नाही म्हणून उठून आलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही ते करून पाहिलं. तीन आठवडे. पोरगी मळीत बुडते, तो जाड, सावकाश आवाज, पडदा काळा, आणि काळ्यातून एक बाई आनंदाने किंचाळते की वन बीएचके फक्त अमुक लाखांत. पहिल्यांदा आम्ही हसून लोळलो. एकविसाव्या वेळी आवाजवाला पोरगा उठून खाली गिरणीत जाऊन बसला. कंपनीने पुढे काही कळवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मार्च २०१९ मध्ये खोली सोडली. चित्रकार हैदराबादला गेला, प्रोग्रॅमर बँकेची ॲप लिहितो, मी पत्त्यांच्या एका खेळावर आहे. तिथे सगळं सोनेरी असतं आणि पगार एक तारखेला होतो. २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. तो वेगळ्या जातीचा खेळ आहे, लढाईचा, रंगांनी भरलेला. पण मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली बघितली आणि मी रात्री दोन वाजता उगाच आवाजवाल्या पोराला फोन केला. त्याने उचलला. तोही खेळत होता.

बाजारातले चौदा मोबाइल विकायला काढले तेव्हा तडकलेल्या काचेचा कुणी घेईना. तो मावशींनी नेला. त्यावर ‘मळी’ अजून आहे, बाण नसलेलं, जाहिरात नसलेलं, पीठ बरोबर असलेलं शेवटचं बिल्ड. परवा मंडईत भेटल्या तेव्हा विचारलं, कुठपर्यंत आलात. वजनकाट्यावर अडकल्या आहेत. उत्तर सांगू का म्हटलं, तर नको म्हणाल्या.